तगाई ते अनुदान : शेतकऱ्यांच्या आपत्ती-साहाय्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
दुष्काळ, अतिवृष्टी वा गारपीट यांमुळे पीक बुडाल्यास शेतकऱ्याला शासकीय मदत मिळावी, ही अपेक्षा आज स्वाभाविक मानली जाते. तथापि, या व्यवस्थेची मुळे वसाहतकालीन महसूल प्रशासनात आहेत. मदतीचे स्वरूप बदलले. परंतु नुकसान मोजण्याचे माप व लाभार्थी ओळखण्याचे दप्तर कितपत बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसाहतकालीन व्यवस्था :
गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीनंतर मुंबई इलाख्यात रयतवारीचा रोख धारा तीस वर्षांसाठी निश्चित करण्यात आला. चांगल्या-वाईट वर्षांचा विचार करूनच धारा बसविला असल्याने बुडीच्या वर्षीही तो भरावा, अशी सरकारची भूमिका होती. साहजिकच सूट ही हक्क न ठरता मेहेरबानी ठरली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने या भूमिकेच्या मर्यादा उघड केल्या. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा संमत झाला. बियाणे व बैल यांसाठी तगाई मिळू लागली. परंतु ती कर्जच होती आणि थकल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होत असे. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून, तर पुणे सार्वजनिक सभेने गावोगावी प्रतिनिधी पाठवून, दुष्काळ संहितेतील तरतुदी रयतेला समजावून दिल्या. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

आणेवारीचा वाद :
याच इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१८ साली हा प्रश्न मापावर येऊन ठेपला. पीक चार आण्यांहून कमी असल्यास त्या वर्षाची वसुली तहकूब करण्याचा नियम होता. पीक त्याहून अधिक असल्याचे सरकारी आकडे सांगत होते; गांधीजी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या चौकशीत ते कमी आढळले. आणेवारी ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच खेडा सत्याग्रहाचा मूळ प्रश्न होय.

स्वातंत्र्योत्तर बदल :
महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायद्यान्वये 'दुष्काळ' हा शब्द वगळून 'टंचाई' हा शब्द स्वीकारला. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची मर्यादा निर्णायक ठरली. मात्र मोजणीचे एकक गावच राहिले. गावाच्या सरासरीत एकट्या शेतकऱ्याचे नुकसान दिसेनासे होई. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर परत न करावयाच्या मदतीला वैधानिक चौकट लाभली. २०१५ मध्ये पात्रतेसाठीची नुकसानीची अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. गारपीट वा अतिवृष्टीनंतर शेतनिहाय पंचनामे होत असल्याने सरासरीचा दोष काही अंशी दूर झाला.

निष्कर्ष :
१. सूट, तगाई व अनुदान हा प्रवास मेहेरबानीकडून हक्काकडे झालेला दिसतो. तो शेतकऱ्यांच्या मागणीविना झालेला नाही.
२. मदतीचा आधार आजही प्रामुख्याने सातबारा हाच आहे. तो महसूल कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविण्याच्या परंपरेतून आला. पीक कोणाचे बुडाले, हे तो नेहमीच सांगत नाही. तोंडी कराराने शेती करणारा बटाईदार व नावावर जमीन नसलेली शेतकरी स्त्री यांची झळ त्यामुळे नोंदीबाहेर राहते.
३. म्हणून मदतीच्या रकमेइतकीच कसणाऱ्याच्या नोंदीची चर्चा आवश्यक ठरते.