मॅडरचा रंग आणि हाडांची घट : अस्थिऊतीविषयीच्या ज्ञानाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रयोगशाळेच्या कपाटात टांगलेला सांगाडा पाहून विद्यार्थ्याच्या मनात हाड म्हणजे एकदा घडून गेलेली, निर्जीव व कायमची वस्तू अशी प्रतिमा ठसते. प्रत्यक्षात जिवंत हाड आयुष्यभर पोखरले जाते आणि पुन्हा भरले जाते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो, असे मानले जाते. हे ज्ञान युरोपात कसे साकारले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हाडाची भर लवकर दिसली. घट मात्र समजण्यास शतकाहून अधिक काळ लागला. याचे कारण अभ्यासकांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या हातातील साधनात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन बेल्चिअर यांनी १७३६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडले. एका कॅलिको छपाईदाराच्या घरी जेवताना डुकराच्या मांसातील हाडे त्यांना लाल दिसली. मॅडर या वनस्पतीच्या मुळांपासून केलेल्या रंगाने छापलेल्या कापडावरील जादा रंग कोंड्याच्या साहाय्याने काढला जाई आणि तोच कोंडा डुकरांना घातला जाई. (कॅलिको हे नाव कालिकतवरून आलेले, आणि इंग्लंडमधील हा धंदा हिंदुस्थानी छिटांच्या अनुकरणातून वाढलेला. मॅडरही आपल्याकडील मंजिष्ठेच्याच प्रजातीतील. अस्थिशास्त्राच्या इतिहासातील हा धागा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे.) मॅडरमधील रंगद्रव्य कॅल्शियमशी संयोग पावते व नव्याने तयार होत असलेल्या हाडात बसते. जुने हाड जवळपास कोरेच राहते.

या योगायोगाचे प्रयोगात रूपांतर केले ते फ्रान्समधील आंरी-लुई द्युआमेल द्यु मोन्सो यांनी. १७३९ ते १७४३ या काळात त्यांनी प्राण्यांना आलटून पालटून मॅडरयुक्त व साधे खाद्य दिले. हाडाच्या छेदात लाल आणि पांढरे थर एकाआड एक आढळले. द्युआमेल मूलतः वनस्पतींचे अभ्यासक. झाडाच्या सालीखालील थर जसे लाकूड घडवितो, तसे हाडावरील पातळ आवरण हाड घडविते, असा निष्कर्ष त्यांनी काढला व तो बऱ्याच अंशी योग्य होता. परंतु वाढत्या प्राण्याच्या हाडाभोवती त्यांनी बांधलेली चांदीची तार कालांतराने आतील मज्जेच्या पोकळीत सापडली, तेव्हा हाडाचे थर प्रसरण पावून तारेच्या बाहेर सरकले असावेत, असे त्यांनी मानले. तार जागीच होती. तिच्या आतले हाड नाहीसे झाले होते. खोडातील जुने लाकूड आतच साठत जाते. ते नष्ट होण्याची कल्पना झाडाच्या उपमेत नव्हतीच, आणि रंगही केवळ जमा झालेलेच दाखवीत होता. जे उरलेच नाही, त्याला रंग कसा लागणार?

ही अडचण जॉन हंटर (१७२८–१७९३) यांनी ओलांडली. डुकराच्या पिलाच्या नडगीच्या हाडात त्यांनी शिशाचे दोन छर्रे बसविले. हाड लांब झाले, पण छर्ऱ्यांमधील अंतर वाढले नाही. म्हणजे हाड टोकांपाशी वाढते. त्याच वेळी बाहेरून भर पडत असताना आतून हाड शोषले जाते, हेही त्यांनी ओळखले. मात्र हे काम लसीकावाहिन्या करतात, असे ते मानीत. क्रिया ओळखली गेली, कर्ता चुकला. खरा कर्ता सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित होण्यास १८७३ साल उजाडावे लागले. अल्बर्ट फोन क्योलिकर यांनी अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी हाड खातात, असे दाखवून त्यांना ऑस्टिओक्लास्ट हे नाव दिले. हाड घडविणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींचे वर्णन कार्ल गेगेनबाउर यांनी १८६४ मध्येच केले होते. येथेही भर आधी, घट नंतर, हा क्रम लक्षणीय आहे. युलिउस वोल्फ यांच्या १८९२ च्या ग्रंथाने भार बदलला की हाडाची रचना बदलते, हा नियम रूढ केला. पेशींचा विचार त्यात गौण होता.

भर आणि घट यांचा हिशेब एकत्र मांडला तो हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी, १९६० च्या दशकात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक नव्या हाडात बसते व अतिनील प्रकाशात चमकते, हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले होते. ठरावीक दिवसांच्या अंतराने ते दोनदा दिले असता दोन रेषांमधील अंतरावरून हाड भरण्याचा वेग मोजता येतो. ऑस्टिओक्लास्ट काही आठवड्यांत जो खड्डा करतात, तो भरण्यास ऑस्टिओब्लास्टना काही महिने लागतात. या दोन्ही पेशी एकाच जागी, ठरावीक क्रमाने, जणू एका तुकडीसारख्या काम करतात, हे फ्रॉस्ट यांचे मुख्य प्रतिपादन. वार्धक्यात प्रत्येक खड्डा किंचित अपुरा भरला जातो आणि ही तूट साचत जाते.

तथापि टेट्रासायक्लिनही मॅडरप्रमाणे नवे हाडच रंगविते. झिजलेल्या हाडाचा अंदाज आजही बव्हंशी अप्रत्यक्षपणेच घेतला जातो. हाड विरघळताना त्यातील कोलॅजेनचे तुकडे रक्तात उतरतात, आणि प्रयोगशाळेत मोजले जातात ते हेच तुकडे.