पोटगी अठराव्या वर्षी का थांबते? एका वयोमर्यादेचा इतिहास



अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना तुमच्यापैकी बहुतेकांचे वय सतरा-अठरा असते. पदवी हातात पडेपर्यंत बाविसावे उजाडते. आई-वडील विभक्त झालेल्या घरात ही चार वर्षे अवघड जातात. मुलासाठी ठरलेली पोटगी पुष्कळदा अठराव्या वाढदिवसापर्यंतच असते. फी मात्र त्यानंतरही भरावी लागते. ही अठराची रेघ कुठून आली आणि दिल्ली परिसरातील दोन खटल्यांत तिचे काय झाले, ते या टिपणात पाहू.

१. अठरा हा आकडा

भारतात सज्ञान होण्याचे वय १८७५ च्या कायद्याने ठरले. त्याआधी हिंदू कायद्यात बंगालमध्ये पंधरा आणि अन्यत्र सोळा वर्षे पूर्ण होणे ही मर्यादा मानत. इंग्लंडच्या कायद्यात ती एकवीस होती. १८७५ मध्ये सर्वांसाठी अठरा ठरले. न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकवीस. हा फरक १९९९ मध्ये गेला. विवाह, मेहर, घटस्फोट आणि दत्तक हे विषय या कायद्याने बाजूला ठेवले होते. म्हणजे करार करणे, मालमत्ता विकणे अशा व्यवहारांसाठी आखलेली ही रेघ आहे. मुलाचे शिक्षण कधी संपते, हा प्रश्न तेव्हा कोणासमोर नव्हता.

२. पोटगीच्या कलमात आधी वय नव्हते

बायकामुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषाकडून दंडाधिकाऱ्यामार्फत पैसे मिळवून देण्याची सोय १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आहे. निराधार माणसे रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच तिचा हेतू होता. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८ म्हणून आली. त्यातले शब्द होते : ‘स्वतःचा निर्वाह करू न शकणारे मूल’. वयाचा उल्लेख नव्हता. कमाल रक्कम महिना ५० रुपये होती. १९५५ पर्यंत ती ५०० झाली.

मग ‘मूल’ म्हणजे फक्त अज्ञान मूल का? १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. निर्वाह करता येत नसेल, तर वय कितीही असो, मुलगा किंवा मुलगी मागणी करू शकते, असा त्या निकालाचा अर्थ होता.

३. १९७३ चा बदल

चारच वर्षांत नवी संहिता आली आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या कलम १२५ मध्ये ‘अज्ञान’ हा शब्द आला. सज्ञान अपत्याला पोटगी फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे निर्वाह करता येत नसेल तरच. विवाहित मुलीला या सवलतीतूनही वगळले. पूर्वी ‘कमावता येते का?’ हा पहिला प्रश्न होता. आता ‘वय किती?’ हा झाला. ५०० रुपयांची मर्यादा मात्र २००१ पर्यंत तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आहे.

याच्या शेजारी दुसरा कायदा आहे : १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. त्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह करता येत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही आई-वडिलांची जबाबदारी राहते. धडधाकट सज्ञान मुलासाठी तिथे अशी तरतूद नाही.

४. रेवाडीचा खटला

हरियाणातील रेवाडी जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथे २००२ मध्ये एका आईने स्वतःसाठी, दोन मुलांसाठी आणि मुलीसाठी दंडाधिकाऱ्याकडे कलम १२५ खाली अर्ज केला. २०११ मध्ये निकाल लागला : फक्त मुलीला आणि तेही ती सज्ञान होईपर्यंत. ती तर २००५ मध्येच सज्ञान झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि १५ सप्टेंबर २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की कलम १२५ खाली तिला पुढची पोटगी मिळणार नाही. १९५६ च्या कायद्याखाली ती वेगळी मागणी करू शकते. हक्क होता, पण दार चुकीचे होते. आणि हे कळायला जवळजवळ अठरा वर्षे गेली.

५. दिल्ली उच्च न्यायालय, २०२१

दुसरे प्रकरण मुलाचे. कौटुंबिक न्यायालयाने त्याची पोटगी सज्ञान होईपर्यंतच ठेवली होती. जून २०२१ मध्ये न्या. सुब्रमण्यम प्रसाद यांनी म्हटले, की अठराव्या वर्षी मुलगा साधारण बारावीत असतो. तिथे वडिलांची जबाबदारी संपली असे मानता येत नाही. मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, जे आधी घडेल तोवर, महिना १५,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

इथे एक बारकावा नीट पाहा. हे पैसे मुलाच्या नावे नाहीत, आईच्या अंतरिम पोटगीत आहेत. मुलगा आईजवळ राहतो, त्याचा सारा खर्च तिच्या पगारावर पडतो आणि वडील हात झटकतात, हे न्यायालयाला मान्य नव्हते. कलमातला ‘अज्ञान’ हा शब्द जागेवरच राहिला. म्हणून हा निकाल म्हणजे सगळ्या मुलांना आपोआप मिळालेला हक्क नव्हे. आईची मागणी न्यायालयात चालू असणे त्यासाठी लागते.

६. सारांश

१८७५ मध्ये व्यवहारासाठी ठरलेले वय १९७३ मध्ये पोटगीच्या कलमात आले. दरम्यान शिक्षण लांबले, कायदा तिथेच राहिला, आणि मधली फट न्यायाधीश प्रकरणागणिक बुजवत आहेत. तुमच्या किंवा वर्गमित्राच्या घरी असा प्रश्न असेल, तर वाढदिवस उलटण्याची वाट पाहू नका. आदेशात कोणते कलम आणि कोणती मुदत लिहिली आहे ते वाचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मागा.

विचारासाठी प्रश्न : १९६९ चा अर्थ कायम राहिला असता, तर आज तुमच्या वर्गातल्या कोणाला पोटगी मागता आली असती? आणि सज्ञान मुलगा व सज्ञान अविवाहित मुलगी यांच्यातला फरक आज कोणत्या कारणाने टिकतो?