मानेच्या मणक्यांची चित्रं कोणी काढली?

मानेचे सात मणके आपण सगळेच पाठ करतो. पण पहिल्याची, म्हणजे अ‍ॅटलसची, गंमत फार कमी जण नीट बघतात. बाकी मणक्यांना असतो तसा पुढचा जाड भागच त्याला नसतो, तो नुसतं कडं आहे. गर्भात त्याचा तो भाग दुसऱ्या मणक्याला, अ‍ॅक्सिसला, जाऊन चिकटतो आणि दातासारखा खुंट तयार होतो. मान हलवून ‘हो’ म्हणताना कवटी अ‍ॅटलसवर पुढेमागे हलते. ‘नाही’ म्हणताना कवटीसकट अ‍ॅटलस त्या खुंटाभोवती फिरतो.

हे ज्या चित्रांवरून जगभर शिकवलं गेलं ती १८५८ च्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली. नाव हेन्री ग्रेचं, पण ३६३ चित्रांचं काम हेन्री व्हॅनडाइक कार्टरचं. त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर अ, ब, क आणि अर्थ खाली, असा प्रकार असे. कार्टरने भागांची नावं थेट हाडावरच लिहिली. माझ्या मते पुस्तक टिकलं त्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे. मोबदला मात्र बघा: ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड, कार्टरला एकदाच १५० पौंड. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कार्टरचं नाव बारीक टाइपात घ्यावं, हा आग्रहसुद्धा ग्रेचाच.

आणि ती हाडं कोणाची? १८३२ च्या इंग्लंडमधल्या कायद्याने गरीबखान्यांतली, इस्पितळांतली बेवारस प्रेतं विच्छेदनाला मिळायची. त्या माणसांची नावं कुठल्याच पानावर नाहीत.

पुस्तक छापून यायच्या आधीच कार्टर मुंबईला निघाला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. (आपला जालना तेव्हा निजामाकडे. इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचंच असतं तर १८४६ मध्ये सुरू झालेली हैदराबादची वैद्यकीय शाळा होती, आणि तिथे शिकवणं उर्दूत!) ग्रे १८६१ मध्ये देवीने गेला, वय फक्त ३४. कार्टर १८६३ पासून काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर, म्हणजे मायसेटोमावर, त्याचं पुस्तक १८७४ मध्ये आलं. त्यावर लेखक म्हणून त्याचं एकट्याचं नाव आहे.