दक्षिणा फंड आणि शं. बा. दीक्षितांचा इतिहासग्रंथ

शास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. संशोधनाचा भार कोणी सोसावयाचा, हा एक. आणि त्याचे फल कोणाच्या हाती द्यावयाचे, हा दुसरा. हे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा अवलंबून असते. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने मागविलेल्या ग्रंथाच्या निमित्ताने दीक्षितांनी हे काम हाती घेतले आणि कमिटीचे बक्षीसही त्यांस मिळाले.

ह्या बक्षिसामागील द्रव्याचा इतिहास बोधप्रद आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास जमणाऱ्या विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती मर्यादित प्रमाणात चालू ठेवली आणि तिचा काही भाग १८२१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. १८४९ साली गोपाळ हरि देशमुख प्रभृती सुधारकांनी ह्या रकमेचा काही अंश मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, असा अर्ज केला. शास्त्रीमंडळींचा विरोध तीव्र होता. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पूर्वी जे द्रव्य संस्कृत विद्येच्या धारकास मिळे, ते आता मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्यासही मिळू लागले.

हा वाचक ज्योतिःशास्त्राविषयी उदासीन नव्हता. नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (१५२०) ह्या ग्रंथावरून केलेल्या पंचांगांतील गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळेनासे झाले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांचे नवे पंचांग १८६५ पासून निघू लागले. पुढे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि स्वतः दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. वर्षारंभ व सण ऋतूंशी बांधलेले राहावेत, हा सायनवाद्यांचा आग्रह; तर नक्षत्रांशी बांधलेली निरयन गणना सोडणे म्हणजे धर्मलोप, ही प्रतिपक्षाची भीती. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, हा प्रश्न घरोघरचा असल्यामुळे हा वाद विद्वानांपुरता राहणे शक्यच नव्हते.

अशा वाचकापुढे केवळ नवे गणित मांडून भागणारे नव्हते. त्यास परंपरेचे खरे स्वरूप दाखवावयाचे होते. दीक्षितांनी वेदकाल, वेदांगकाल व सिद्धान्तकाल असा क्रम लावून गणित, संहिता व जातक ह्या तिन्ही स्कंधांचा आढावा घेतला. जुने आचार्य आपल्या पूर्वसूरींच्या मानांत वेळोवेळी बीजसंस्कार, म्हणजे दुरुस्ती, करीत आले, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. गणेश दैवज्ञांनीसुद्धा कोणता ग्रह सौरपक्षाने जुळतो आणि कोणता आर्यपक्षाने, हे पाहूनच आपली माने ठरविली होती. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे सुधारणेस विरोध होत होता, तो ग्रंथच सुधारणेतून निर्माण झालेला होता.

विद्वानांच्या परिषदेशी दीक्षितांचा संबंध तुटलेला नव्हता. गुप्त राजांच्या शिलालेखांच्या कालनिर्णयात फ्लीटने त्यांच्या गणिताचे साहाय्य घेतले. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, ह्या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असावा, हे त्यांचे अनुमान इंग्रजी नियतकालिकातूनच मांडले गेले. त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाही. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेले त्यांचे कालगणनेवरील इंग्रजी पुस्तकही १८९६ सालचेच. तरीही मुख्य ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. अयनांश, नाक्षत्र वर्ष, सायन, निरयन ह्या संस्कृत संज्ञा त्यांनी टाकल्या नाहीत. त्या साध्या मराठी वाक्यांत उलगडून दाखविल्या. शास्त्रीय मराठी गद्याच्या घडणीत ह्या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

बक्षीसपद्धतीची मर्यादाही येथे दिसते. बक्षीस तयार ग्रंथास मिळते; तो तयार करण्यास लागणारा अवकाश त्यातून मिळत नाही. दीक्षितांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून हे काम केले आणि ग्रंथप्रकाशनानंतर दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले.

ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ साली झाले. त्याच वर्षी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग अमलात आणले. त्याचे सौर वर्ष सायन मानाचे आहे. सरकारने काढलेले ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तर १९६९ व १९८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाच्या शंकांना उत्तर देण्यासाठी लिहिलेला ग्रंथ सर्व देशाच्या विद्वानांस आवश्यक ठरला. सामान्य वाचक समोर ठेवल्याने संशोधन उथळ होते, ह्या समजुतीस दीक्षितांचा ग्रंथ हे पुरेसे उत्तर आहे.