काळयंत्र खानदेशात उतरले तर : एक गोळी, एक जहाज आणि १९१८ ची साथ

महासाथ येऊन गेली आहे. शहरे ओस पडली आहेत, सत्ता मूठभरांच्या हाती गेली आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी काळयंत्रात बसून मागे निघाली आहे; ती साथ मुळातच सुरू होऊ नये म्हणून. अशा कथानकाच्या कादंबऱ्या आणि मालिका तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या-पाहिल्या असतील. आजच्या धाग्यात या कल्पनेला इतिहासाची कसोटी लावून पाहू. भूमी घेऊ खानदेशाची, म्हणजे जळगाव-धुळ्याची, आणि काळ घेऊ १८९६ ते १९१८.

आरंभी एक योगायोग. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रात बसून काळात हवे तिकडे जावे ही कल्पना तिनेच जगभर रूढ केली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून बाहेर पडली. बहुतेकांनी गावची वाट धरली, आणि त्या काळी गावची वाट म्हणजे आगगाडी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा खानदेश ओलांडून भुसावळला पोहोचत होता. माणसे ज्या गाडीने आली तिच्याच मागून रोगही आला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा वाचताना आजही अंगावर काटा येतो. साथ रोखण्यासाठी सरकारला आवश्यक वाटेल तो नियम करता येईल, प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळे ठेवता येईल. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यावर मात्र दावा लावता येणार नाही. या अधिकारांच्या बळावर पुण्यात घरोघर झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती याच संतापातून. आता कल्पना करा, की आपली काळप्रवासी मुलगी २०२० च्या मार्चमधून थेट १८९७ मध्ये उतरली आहे. तिला सगळेच अनोळखी वाटेल काय? मुळीच नाही. तिच्या काळात महाराष्ट्र शासनाने करोनाविषयीचे नियम काढले तेही याच कायद्याच्या आधारे. एकशे तेवीस वर्षांचा प्रवास करून ती त्याच कलमांपाशी पोहोचली असती. डिस्टोपिया, म्हणजे भविष्यातील भयाण समाजाचे चित्र, रंगवणाऱ्या लेखकाला याहून परिणामकारक तपशील सुचणे कठीण आहे.

प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे रानात राहायला जात. घरात उंदीर पडू लागले, की शेतात झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच संसार मांडायचा. महाराष्ट्रात जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘प्लेगच्या झोपड्यां’चा उल्लेख अगदी अलीकडेपर्यंत येत असे. पटकी, देवी, प्लेग या साऱ्यांना लोकांनी एकच नाव दिले होते : मरी. खानदेशात मरीमातेच्या यात्रेत आजही बारागाड्या ओढतात. एकामागे एक जोडलेल्या बारा गाड्या, त्यांवर बसलेली माणसे, आणि त्या ओढणारा भगत. साथीची भीती विरून गेली तरी तिच्याशी निगडित देवीची यात्रा उरली. (२०२० आणि २०२१ मध्ये यात्रांवर बंदी आली, तेव्हा मरीमातेचीही यात्रा साथीमुळेच थांबली. इतिहासाची ही थट्टा जरा क्रूरच म्हणावी लागेल.)

पण आपल्या प्रयोगाचा खरा विषय आहे १९१८. त्या वर्षी ५ मे रोजी बालकवी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून गेले. धरणगावात जन्मलेला, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने महाराष्ट्राला ओळख करून दिलेला हा कवी गेला, आणि त्यानंतर महिनाभरातच मुंबईच्या गोदीत नवा रोग उतरला. १० जूनच्या सुमारास गोदीवर पहारा करणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजातून इन्फ्लूएन्झा आला, असे तेव्हापासून मानले जाते. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. मुंबई इलाख्यात बळींची संख्या दहा लाखांच्या आसपास गेली. सर्वाधिक हानी सोसणाऱ्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडही होते. नकाशा उघडून पाहा : मुंबई आणि वऱ्हाड यांच्या मधोमध, त्याच लोहमार्गावर, खानदेश आहे.

हा रोग म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या माणसांना अधिक निष्ठुरपणे नेत होता, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी, शेवटी जेवणारी आणि अनेकदा अर्धपोटी झोपणारी बाईच होती, हे लक्षात घेतले की या आकड्याचे फारसे नवल वाटत नाही. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे त्यानंतर कधीही घडलेले नाही.

तर मग आपल्या काळप्रवासी मुलीला मे १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत उतरवू. ते जहाज तिने परत धाडले. साथ टळली का?

येथे जयंत नारळीकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव बेतले होते. पुढे त्यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिली. तीत एक इतिहासकार अशा जगात जाऊन पोहोचतो, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती निसटती गेली. तेवढ्या फरकाने मराठे पानिपत जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास बदलतो. कथा अत्यंत देखणी आहे, कारण लढाईला खरोखरच असा एखादा क्षण असू शकतो. सेनानायक हत्तीवर दिसेनासा झाला की सैन्याचा धीर सुटतो. एक गोळी, एक क्षण, एक वळण.

साथीला असा क्षण नसतो. ते एक जहाज परत गेले असते, तरी त्या उन्हाळ्यात मुंबई आणि कराचीच्या बंदरांत सैन्य घेऊन येणारी जहाजे इतर होतीच. समजा, सारीच जहाजे अडवली. तरी १९१८ चा पाऊस कोण पाडणार होते? त्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस दगा देऊन गेला. युद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव आणखी कडाडले. दुसरी लाट आली ती नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरात : खरिपाची ज्वारी-बाजरी हाताशी यायची आणि रब्बीच्या पेरणीची तयारी करायची त्या दिवसांत. ज्या घरातली कर्ती माणसे अंथरुणाला खिळली, त्या घरचे शेत कोणी कापायचे? उपाशी शरीराला तापाने गाठले आणि तापाने घराला उपासमारीत लोटले. यातला कोणता धागा आपली मुलगी तोडणार? युद्ध, भाव, पाऊस, की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचा डबा?

म्हणूनच, माझ्या मते, महासाथीनंतरच्या काळप्रवासकथा इतिहासाच्या दृष्टीने बहुधा येथेच लंगड्या पडतात. त्यांना ‘रुग्ण क्रमांक एक’ हवा असतो, एक दुष्ट प्रयोगशाळा हवी असते, एक कुपी हवी असते. पानिपतासाठी तयार झालेला साचा त्या साथीला लावू पाहतात.

याला सन्माननीय अपवाद आहे जॅक लंडनचा. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द स्कार्लेट प्लेग’ या दीर्घकथेत २०१३ साली साथ येऊन मानवजात जवळजवळ संपते. साठ वर्षांनंतर एक वृद्ध, जो कधीकाळी प्राध्यापक होता, आपल्या रानटी झालेल्या नातवांना जुन्या जगाची हकीकत सांगतो. मुलांना ती खरी वाटत नाही; त्याचे अर्धे शब्दही त्यांना कळत नाहीत. येथे यंत्र नाही, वळण नाही. एक साक्षीदार आहे, आणि त्याचे ऐकून घेण्याची तयारी कुणाचीच नाही.

साक्षीदार म्हटले की खानदेशात दोन नावे समोर येतात. पहिले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये, म्हणजे ऐन प्लेगच्या काळात, प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या वर्षांतली पत्रे आहेत; पानिपताकडे नेणारी आणि पानिपतापाशी थांबणारी. राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात पडला. अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांचे कार्य आणि कागद जपण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. नारळीकरांचे गंगाधरपंत पर्यायी जगातून परत येतात तेव्हा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ बखरीचे एक फाटके पान असते. राजवाड्यांनी आयुष्यभर अशीच पाने गोळा केली. फरक इतकाच, की ती याच जगातली होती.

मात्र त्या पानांवर सरदार आहेत, वकील आहेत, हुंड्या आणि फौजा आहेत. १९१८ मध्ये जळगावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात काय घडले हे दप्तरात शोधू गेलो, तर मृत्यूच्या नोंदवहीतली एक ओळ हाती लागेल, तीही पाटलाने ‘ताप’ एवढेच कारण लिहिलेली. हिंदुस्थानातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत हेलकावे खातात, ते याच कारणाने.

दुसरे नाव बहिणाबाई चौधरींचे. १८८० मध्ये आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी तीन मुले. थोरला ओंकार प्लेगातून वाचला, पण कायमचा अपंग झाला. मरणारांची मोजदाद सरकार करत होते. असे वाचलेले कुणी मोजत नव्हते. १९१८ मध्ये बहिणाबाई अडतीस वर्षांच्या होत्या आणि जळगावातच होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या रचत आणि गात असत. धाकटे सोपानदेव आणि एक नातलग त्यातले जमेल तेवढे टिपून ठेवत.

आपल्या मुलीचे काळयंत्र उतरायचेच असेल, तर गोदीत न उतरता त्या घराच्या ओट्यावर उतरावे. अडवण्याजोगे तिथे काही नाही. हातात वही मात्र असावी, कारण जे टिपले गेले नाही ते १९५१ च्या ३ डिसेंबरला बहिणाबाईंबरोबर गेले. जे टिपले गेले होते ती वही सोपानदेवांनी नंतर आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली.