एल्फिन्स्टन : एका आडनावाचा प्रवास

मुंबईकरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेले 'एल्फिन्स्टन' हे नाव खुद्द ब्रिटनमध्ये मात्र दुर्मीळ आडनावांपैकी एक आहे. त्याचे मूळ स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या पूर्वेस ट्रॅनेन्टजवळ असलेल्या एल्फिन्स्टन या खेड्यात आहे.

नावाच्या शेवटी 'स्टोन' ऐकू येत असले, तरी त्याचा दगडाशी संबंध नाही. एल्फिन किंवा तत्सम विशेषनाव आणि जुन्या इंग्रजीतील 'टून' यांच्या संयोगातून ते बनले. 'टून' म्हणजे कुंपण घातलेली शेतवस्ती, आपल्याकडील वाडीच. तेराव्या शतकापासून या जमिनीचे धारक गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावे झाली, तसाच हा प्रकार. एका जर्मन सरदाराला मूळपुरुष मानणारी आख्यायिका जुन्या वंशावळ्यांत आढळते. परंतु गावाचे नाव समोर असताना तिची गरज उरत नाही. एकाच लहानशा गावापासून उगम झाल्यामुळे हे आडनाव फारसे फैलावले नाही.

संख्या अल्प असली, तरी घराण्याचा दबदबा मोठा होता. बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी १४९५ मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाची स्थापना केली. अलेक्झांडर एल्फिन्स्टन यांना १५१० च्या सुमारास 'लॉर्ड' ही पदवी मिळाली. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणात ते कामी आले. १८४२ मध्ये काबूलमधून झालेल्या ब्रिटिशांच्या विनाशकारी माघारीचे सेनापतीही याच कुळातील होते.

मुंबईच्या इतिहासात मात्र दोन एल्फिन्स्टन आहेत आणि त्यांची अनेकदा गल्लत होते. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन कॉलेजला नाव मिळाले ते त्यांचे. त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन रोड स्थानक त्यांच्या नावाने ओळखले जाई.

२०१८ मध्ये या स्थानकाचे 'प्रभादेवी' असे नामांतर झाले. जुन्या फलकावरून पुसले गेले ते एका गव्हर्नराचे नाव. पण त्या नावाच्या पोटातही एक वाडीच दडलेली होती.