मुक्त सॉफ्टवेअरची शिरगणती: कोण आवडतं आणि कोणावाचून अडतं

आज आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. दोन मुक्त सॉफ्टवेअर पॅकेजेसपैकी जास्त लोकप्रिय कोणतं, हे ठरवायचं कसं? दुकानातल्या मालाचा खप कळतो, कारण पावती फाटते. इथे पावतीच नाही. एकाने उतरवून घ्यावं आणि शंभरांना वाटावं, त्याला मुभा आहे. मग मोजणार काय?

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. पुढे पॅकेजेस इतकी वाढली की ती एका सीडीत मावेनात. पहिल्या सीडीवर कोणाला बसवायचं, हे ठरवायला मदत झाली 'पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट' या छोट्या प्रोग्रॅमची, म्हणजेच पॉपकॉनची. एव्हरी पेनारुन यांनी तो लिहिला. जो वापरकर्ता होकार देईल, त्याच्या संगणकावरची पॅकेजेसची यादी दर आठवड्याला निनावी पाठवली जाते.

यातली खरी हुशारी अशी की पॉपकॉन दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. पॅकेज बसवलेलं आहे का, ही एक. आणि त्यातल्या फायली अलीकडे उघडल्या गेल्या का, ही दुसरी. घरात असणं वेगळं आणि वापरात असणं वेगळं. पण होकार न देणारे या मोजणीत येतच नाहीत. शिवाय यादी पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पॉपकॉन असणारच, त्यामुळे बसवलेल्यांच्या यादीत तो स्वतःच वरच्या रांगेत दिसतो! मोजणाऱ्याने स्वतःला धरून मोजावं, तसं झालं हे.

२००८ साली गिटहब आलं आणि पुढे तिथले 'तारे' लोकप्रियतेची खूण झाले. तारा द्यायला एक क्लिक पुरतो. वापरायची अट नाही. एनपीएमवर डाउनलोडचे आकडे दिसतात, पण त्यात माणसं किती आणि चाचण्यांसाठी तेच पॅकेज पुन्हा पुन्हा उतरवणारी यंत्रं किती, हे आकडा सांगत नाही.

बरं, आकडे चुकले तर बिघडलं कुठे? दोन घटना पाहू.

२०१६च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. त्यावर थेट किंवा आडून अवलंबून असलेले हजारो प्रकल्प अडले आणि काही तासांतच एनपीएमला ते परत ठेवावं लागलं. त्याचे डाउनलोड महिन्याला वीस लाखांहून जास्त होते, पण ते मुद्दाम निवडणारे थोडेच. बाकीच्यांकडे ते दुसऱ्या पॅकेजचं बोट धरून आलं होतं.

त्याआधी एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघड झाली. जगभरातले सुरक्षित व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत सुमारे २००० डॉलर. वापर अफाट, पण विचारपूस नाही. मोठ्या कंपन्यांकडून निधी जमवायला लिनक्स फाउंडेशन पुढे आलं, ते या धक्क्यानंतर.

म्हणून इतिहास पाहताना आपण दोन रकाने करू: लोकांना काय आवडतं, आणि कशावाचून लोकांचं अडतं. तारे पहिल्या रकान्यात जातात. दुसरा भरायचा तर कोण कोणावर अवलंबून आहे, याची साखळी तपासावी लागते. लक्ष आणि पैसा मात्र बहुधा पहिला रकाना पाहूनच वाटला जातो, आणि दुसऱ्यातली माणसं एकटी राबत राहतात.